चाळशी ते लेन्स : लांबचं आणि जवळचं



मराठीत चष्म्याला 'चाळशी' म्हणत असत. हल्ली हा शब्द ऐकू येत नाही, पण आमच्या लहानपणी घरातली वडील माणसं 'माझी चाळशी कुठं ठेवली रे?' असंच विचारायची. 'चष्मा' हा फार्सीतून आलेला शब्द, 'चश्म' म्हणजे डोळा, त्यावरून. 'उपनेत्र' हा पंडितांचा शब्द. पण चाळशी आपली स्वतःची. वस्तूला नाव दिलं ते तिच्या काचेवरून नाही, आकारावरून नाही, तर ती ज्या वयात नाकावर चढते त्या वयावरून! मोल्सवर्थसाहेबांच्या शब्दकोशातही या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत : चाळिशीच्या सुमारास येणारी नजरेची मंदी आणि चष्मा. दुखणं आणि त्यावरचा इलाज यांना एकच नाव असलेला दुसरा शब्द मला चटकन आठवत नाही.

या नावात एक बारीक निरीक्षण दडलेलं आहे. चाळिशीत लांबचं दिसेनासं होत नाही, जवळचं होतं. शेतकऱ्याला बांधावरून पलीकडच्या रानातली गुरं मोजता येतात, पण पायात रुतलेला काटा काढता येत नाही. कारण असं, की आपल्या डोळ्यात एक भिंग असतं आणि लहानपणी ते मऊ असतं. जवळचं पाहताना ते फुगतं, लांबचं पाहताना चपटं होतं, आणि हे इतक्या झटपट होतं की आपल्या लक्षातही येत नाही. वय वाढतं तसं ते कडक होत जातं. साठीपर्यंत त्याची ही हालचाल जवळजवळ थांबते. मग माणसापुढे एकच प्रश्न उरतो, लांबचं की जवळचं? गेल्या सातशे वर्षांत चष्म्याचे आणि लेन्सचे जे काही शोध लागले, त्यातले निम्मे तरी या एका प्रश्नाभोवती फिरतात असं माझं मत आहे. मी इतिहासाचा शिक्षक. त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला औषध दिलं तरी मी त्याची सनावळी शोधायला बसतो. यंदा तसंच झालं. त्याचं कारण पुढे येईलच.

चष्मा प्रथम इटलीत झाला, तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२८६च्या सुमारास. करणाऱ्याचं नाव इतिहासात नाही. ते चष्मे फक्त जवळचं पाहण्याचे होते, म्हणजे शुद्ध चाळशीच. ते लागत होते मठांमधल्या नक्कलकारांना, ज्यांचे हात कसबात तयार झाले नेमके तेव्हाच डोळे गेलेले असत. आपल्याकडे चष्मा कधी आला यावर पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी एक सुंदर लेख लिहिला आहे. गोड्यांचं सगळंच संशोधन असं, ज्या गोष्टींचा इतिहास असू शकतो हेच कुणाच्या डोक्यात येत नाही, त्यांचा पोथ्यांमधून माग काढायचा. विजयनगरचे व्यासराय स्वामी वृद्धापकाळी डोळ्यांना भिंगं लावून पोथी वाचत, असा उल्लेख सोमनाथ कवीच्या संस्कृत 'व्यासयोगिचरित'मध्ये आहे, तो गोड्यांनी पुढे आणला. व्यासराय १५३९ साली गेले. पोर्तुगीजांनी गोवा १५१० साली घेतला होता आणि विजयनगरशी त्यांचा घोड्यांचा व्यापार होता. घोड्यांबरोबर चष्मेही आले असतील हे पटण्यासारखं आहे.

आमच्या बारामतीत कऱ्हेकाठी मोरोपंतांचा वाडा. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. आर्यांचे डोंगर रचणाऱ्या या माणसाची 'केकावली' उतारवयातली आहे. तेलाच्या दिव्याचा उजेड, बोरूची लेखणी आणि साठीची नजर! वर्गात केकावली शिकवली जायची तेव्हा यमकांबद्दल भरपूर बोललं जाई, कवीच्या डोळ्यांबद्दल कधीच नाही. पोथ्यांची अक्षरं एवढी ठसठशीत आणि मोठी का असत, याचंही उत्तर थोडंफार इथेच असावं. पोथी वाचणारा बहुतेक वेळा चाळिशीपुढचाच असे.

इंदापूरचा धागा थोडा लांबचा आहे, पण सोडवत नाही. इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. मालोजींचे चिरंजीव शहाजीराजे, शहाजींचे चिरंजीव व्यंकोजीराजे, आणि व्यंकोजींनी तंजावरला गादी स्थापली. त्या गादीवर १७९८ ते १८३२ या काळात सरफोजीराजे दुसरे होते. हा विलक्षण राजा. छापखाना, ग्रंथसंग्रह, संगीत, वैद्यक, सगळ्यात रस. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार होत, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली जाई, डोळ्याच्या रंगीत चित्रासकट. ते कागद आजही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. भोसल्यांच्या घराण्याची तलवार आम्ही पोरांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवली, हे कागद मात्र कधी धड्यात आले नाहीत. असो.

आता मुख्य रस्त्यावर येतो. लांबच्यासाठी एक चष्मा आणि जवळच्यासाठी दुसरा, अशी दोन चष्म्यांची कसरत करून कंटाळलेल्यांपैकी एक होते अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन. त्यांनी दोन्ही चष्म्यांच्या काचा मधोमध कापून घेतल्या आणि एकाच चौकटीत बसवल्या, वर लांबची, खाली जवळची. १७८५च्या एका पत्रात त्यांनी याचा फायदा सांगितला आहे तो मजेदार आहे. ते तेव्हा फ्रान्समध्ये होते. जेवताना ताटातलं दिसायचं आणि समोर बोलणाऱ्याचं तोंडही दिसायचं, आणि तोंडाची हालचाल दिसली की त्यांना फ्रेंच भाषा जास्त कळायची!

बायफोकलची ही थोरवी शिक्षकाला वेगळी सांगायला नको. खाली मस्टर आणि वह्या, वर शेवटचा बाक. मी १९९३च्या सुमारास बायफोकल घेतला आणि निवृत्त होईपर्यंत तोच. पोरांना मात्र त्यातली मेख लगेच कळली. सर मान खाली करून भिंगाच्या वरून बघतायत म्हणजे आपल्याकडे बघतायत, आणि मान वर करून खालून बघतायत म्हणजे वही वाचतायत, तेवढ्यात काय करायचं ते उरकून घ्या. त्रास होता तो पायऱ्यांचा. पायरी पाहायला नजर खाली जाते आणि खाली असतं जवळचं भिंग, त्यातून पायरी पुसट दिसते. एस्टीतून उतरताना मी कायम दांडा धरूनच उतरलो. १९५९ साली फ्रान्समध्ये बेर्नार मेत्नाझ यांनी मधली रेघ नसलेलं भिंग काढलं, ज्यात नंबर वरून खाली हळूहळू बदलत जातो. त्यालाच आपल्याकडे 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतात. ते आमच्यापर्यंत यायला बरीच वर्षं लागली आणि आलं तेव्हा किंमत ऐकून मी जुनाच चष्मा पुसून परत लावला.

आता कॉन्टॅक्ट लेन्स. हिची कल्पना वाटते तेवढी नवी नाही. झुरिकचे डॉ. आडोल्फ फिक यांनी १८८८ साली काचेची वाटी डोळ्यावर बसवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आधी सशांवर, मग स्वतःवर, मग रोग्यांवर. वाटी आणि डोळा यांच्यामध्ये द्राक्षसाखरेचं पाणी भरायचं. ती काच डोळ्याचा पांढरा भागही झाकणारी, जड. तास-दोन तासांच्या वर कुणाला सोसायची नाही. १९४८च्या सुमारास अमेरिकेत केव्हिन टूही यांनी फक्त बुबुळापुरती छोटी प्लास्टिकची लेन्स केली. तीही कडकच.

मऊ लेन्सची गोष्ट मात्र मला फार आवडते. चेकोस्लोव्हाकियातले रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लिम यांनी १९५०च्या दशकात पाणी शोषून घेणारं एक प्लास्टिक तयार केलं. त्याच्या लेन्स करायच्या कशा ते जमत नव्हतं आणि सरकारी संस्थेनं प्रकल्प गुंडाळला. तेव्हा १९६१च्या नाताळात विख्तर्लेंनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलांच्या खेळण्यातल्या मेर्कुर संचाच्या पट्ट्या आणि चाकं जोडून एक यंत्र केलं. आमच्या पिढीला 'मेकॅनो' माहीत आहे, तसलंच ते. ते फिरवायला सायकलचा डायनॅमो! फिरत्या साच्यात तो द्रव टाकला आणि पहिल्या चार मऊ लेन्स तयार झाल्या. पुढे त्यांच्या सरकारनं हक्क अमेरिकेत विकले, १९७१ साली तिथे मऊ लेन्सला मंजुरी मिळाली, कंपन्या मोठ्या झाल्या, आणि विख्तर्लेंच्या पदरात फार थोडं पडलं. त्यांचे फोटो पाहिले तर नाकावर चष्मा आहे.

आपल्याकडे कॉन्टॅक्ट लेन्स म्हटली की नट-नट्या आणि लग्नाच्या मुली डोळ्यांपुढे येतात. पण तिची खरी गरज असलेला एक वेगळाच वर्ग होता, आणि त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. जुन्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातलं भिंगच काढून टाकत आणि त्या जागी काही बसवत नसत. मग रोग्याला जाडजूड भिंगांचा चष्मा मिळे, दहा-बारा नंबरचा. शाळेच्या पटांगणात भरणाऱ्या नेत्रशिबिरांत रांगेनं बसलेली, डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. महिन्या-दीड महिन्यानं तो चष्मा येई. त्यातून सगळं सुमारे पाव पटीनं मोठं दिसायचं. दारातून येणारा माणूस कडेनं दिसतच नसे, एकदम समोर उगवायचा. आणि एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर आणखी पंचाईत, एका डोळ्याला माणूस मोठा, दुसऱ्याला नेहमीएवढा, आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर बसेनात. अशा माणसाला कॉन्टॅक्ट लेन्स लावली तर हा फरक पुष्कळ कमी होतो. पण विहिरीवर राबणाऱ्या, पाचटात हात घालणाऱ्या माणसानं रोज धुतल्या हातांनी, बाटलीतल्या खास द्रवात भिजवून लेन्स घालायची कशी? त्यामुळे ज्याला सर्वांत जास्त गरज होती त्याला ती मिळाली नाही. तो एक डोळा मिटून जगला.

त्याची सुटका केली ती लेन्स डोळ्यातच बसवण्याच्या कल्पनेनं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकच्या कपच्या घुसल्या, पण डोळ्यानं त्या बिनतक्रार सोसल्या. हे लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी हेरलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स पहिल्यांदा रोग्याच्या डोळ्यात बसवली. त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी त्यांना कितीतरी वर्षं वेड्यात काढलं. भारतात ही लेन्स गरिबाच्या आवाक्यात यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयवाल्यांनी १९९२ साली 'ऑरोलॅब' काढून स्वस्त लेन्स इथेच बनवायला घेतल्या. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम चालला, त्यात महाराष्ट्र होता. मुंबईच्या जे. जे.मध्ये डॉ. तात्याराव लहाने यांनी केलेलं काम तर सर्वांना ठाऊक आहेच. आज ती जाड भिंगं कुणाच्या नाकावर दिसत नाहीत. नव्या पोरांना ती आठवतही नसतील.

पण मंडळी, एक गोष्ट लक्षात घ्या. डोळ्यात बसवलेली साधी लेन्स फुगत नाही आणि चपटी होत नाही. तिचा नंबर एकच. म्हणजे सातशे वर्षांचा तोच प्रश्न परत दारात उभा राहिला, लांबचं की जवळचं? आणि आता तर उत्तर कायमचं द्यायचं, नंतर काच बदलून घेता येत नाही.

माझा मोतीबिंदू अजून कोवळा आहे. पूर्वी तो पिकेपर्यंत थांबत, आता थांबावं लागत नाही. बारामतीतल्या आमच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढ्या. त्यांनी विचारलं, "सर, दोन्ही डोळ्यांना लांबचं ठेवू आणि वाचायला चष्मा देऊ, की एका डोळ्याला लांबचं आणि एकाला जवळचं ठेवू?" मी म्हटलं, हे असं करतात? त्या म्हणाल्या, करतात, पण सगळ्यांना मानवत नाही. म्हणून आधी पंधरा दिवस कॉन्टॅक्ट लेन्स घालून बघा. जमलं तर शस्त्रक्रियेत तसंच करू, नाही जमलं तर लेन्स काढून टाकायची.

ही युक्ती माझ्या पुण्याच्या पुतणीला आधीच माहीत होती. ती वीस वर्षं लेन्स घालते. चाळिशी उलटली तशी तिला लग्नपत्रिका हात लांब करून वाचावी लागू लागली, तेव्हा तिनं एका डोळ्याची लेन्स जवळच्या नंबरची करून घेतली. एकाच लेन्समध्ये लांबचे-जवळचे नंबर गोल कड्यांसारखे एकात एक बसवलेलेही मिळतात म्हणे, तिला त्यात अक्षरं फिकट वाटली.

पहिली परीक्षा झाली ती डोळ्यांची. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी ठेवायची, तीतून समोरचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं घड्याळ खिडकीतच राहतं तो म्होरक्या डोळा. माझा उजवा निघाला. त्याला लांबचं, डाव्याला जवळचं. पंच्याहत्तरीच्या हातांनी डोळ्यात बोट घालायला शिकलो. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. घरातून सूचना आणि हसू दोन्ही येत होतं.

पहिले तीन दिवस डोकं जड. कपात चहा ओतताना धार बशीत गेली, कारण दोन्ही डोळे मिळून जे अंतर मोजतात ते मोजमाप जरा ढिलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र एक नवल घडलं. मी दुपारी वर्तमानपत्र वाचत होतो, खिडकीतून बाहेर पाहिलं, समोरच्या दुकानाची पाटी वाचली, परत वर्तमानपत्र वाचलं, आणि मग लक्षात आलं की नाकावर काही नाही. कोणता डोळा काय बघतोय ते कळत नव्हतं. मेंदू आपला आपण निवडतो. फ्रँकलिनसाहेबांनी काच कापली, इथे कामाची वाटणीच दोन डोळ्यांत झाली, एवढाच फरक.

रात्रीचं मात्र बरं वाटलं नाही. आमच्याकडे कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. इंदापूर रस्त्यावर समोरच्या गाडीच्या झोतात अशी ट्रॉली ओळखायला दोन्ही डोळे लांबचेच हवेत. मी रात्री गाडी चालवणं तीन वर्षांपूर्वीच सोडलं, म्हणून मला चालेल. ज्याला रात्री मोटारसायकलवरून रानात पाणी द्यायला जायचं आहे, त्यानं हा विचार दहादा करावा. धुळीचा त्रास आहेच. आणि लेन्सला नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात लावायचं नाही, त्यातल्या सूक्ष्म जंतूंनी डोळा जाऊ शकतो, हे बाईंनी मला तीनदा बजावलं.

पंधरा दिवसांनी मी उजवा लांबचा, डावा जवळचा असं लिहून दिलं. फरक मात्र थोडा कमी ठेवायचा. पुस्तक वाचता आलं पाहिजे, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला एखादा चष्मा लागला तर लागू दे.

हे सगळं मी इंदापूर तालुक्यात आमच्या अक्काकडे जाऊन सांगितलं. अक्का ब्याऐंशी वर्षांची. चार वर्षांपूर्वी एका शिबिरात तिच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. लेन्स लांबची बसवली, कारण सगळ्यांना तीच बसवत होते. तिला कुणी काही विचारलं नाही. डोळा उत्तम झाला. उजनीच्या पाण्यावरचे पक्षी तिला दिसतात. पण गोधडी शिवणं बंद पडलं, कारण सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो आणि चष्मा तिच्या नाकावर राहत नाही, घामानं घसरतो. आता डाव्या डोळ्याची पाळी होती.

माझी फ्रँकलिन, विख्तर्ले, रिडली अशी सगळी पोथी तिनं डाळ निवडत ऐकून घेतली. मग म्हणाली, "मी सांगितलंय त्या डाक्टरला. येक लांबचा झालाय, तेवढा बास. ह्यो जवळचा कर म्हणलं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणलं, आजी, लांबचं कमी दिसंल ह्या डोळ्यानं. मी म्हणलं, दिसू दे. एस्टीची पाटी वाचायला ह्यो हाय की." तिनं उजव्या डोळ्याकडे बोट केलं.

तिची शस्त्रक्रिया माझ्या आधी झाली. सध्या पणतीची गोधडी चालू आहे, जुन्या इरकली लुगड्यांची.